चीनकडून काय उतरवून घ्यायचं, काय परत पाठवायचं

(वस्तीतल्या युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे.)

मला दिलेला विषय असा : आर्थिक विकासाच्या बाबतीत एका उगवत्या देशानं दुसऱ्याकडून काय शिकावं. अशा विषयावर बोलायला खरं तर प्रोफेसर लागतो. मी दहावी पास. आमचे आजोबा त्याला मॅट्रिक म्हणायचे, आणि मॅट्रिक झालेला नातू म्हणजे कलेक्टरच, असं समजून चालायचे. नातू कलेक्टर झाला नाही. आजोबा मुंबईच्या गोदीत गोणी उचलायचे, नातू उरणच्या बाजूला कंटेनर खाली करतो. गोणीचं खोकं झालं, एवढाच आमच्या घराण्याचा विकास. त्यातही आजोबा १९४८च्या गोदी कामगार कायद्याखाली नोंदलेले होते. जहाज नसलं तरी हजेरीचा पैसा मिळायचा. मी ठेकेदाराचा माणूस. कंटेनर नसला तर माझी चूल नसते.

तरी मी चीनबद्दल बोलणार आहे. कारण चीन मी वाचला नंतर, आधी खांद्यावर घेतला. कंटेनरचं सील तोडून दार उघडलं की आत महिनाभर कोंडलेली हवा तोंडावर येते. मग खोकी. पंखे, खेळणी, नळ, टायली, मोबाईलचे सुटे भाग. ही खोकी भरणारा माणूस मी कधी पाहिला नाही आणि त्यानं मला पाहिलेलं नाही. पण त्यानं कुठं घाईनं रचलंय आणि कुठं नीट रचलंय, हे मला हाताला कळतं.

आता मूळ गोष्ट सांगतो. मागच्या महिन्यात आमच्या यार्डात साहेबानं टोळीला उभं केलं. म्हणाला, ‘‘चीनमध्ये बघा. शांघायला बंदरावर माणूसच दिसत नाही. गाड्या आपोआप चालतात. तिथं युनियन नाही, संप नाही, म्हणून तो देश कुठल्या कुठं गेला. तुम्ही इथं अजून ओव्हरटाईमवर भांडताय.’’ आणि मग एक कागद पुढं केला. इंग्रजीत. सह्या करा म्हणाला. आमच्यातल्या दोन म्हाताऱ्या मामांनी अंगठे पुढं केले. मी म्हणालो, मामा, थांबा. त्या कागदाकडं मी शेवटी येणार आहे.

साहेब खोटं बोलला नाही. शांघायच्या यांगशान बंदराचा आपोआप चालणारा चौथा टप्पा डिसेंबर २०१७मध्ये सुरू झाला. २०२४ साली शांघाय बंदरानं वीस फुटी पेट्यांच्या हिशेबानं ५ कोटींच्या वर कंटेनर हाताळले. आपल्या न्हावा-शेव्याचा २०२४-२५चा आकडा सुमारे ७३ लाख. १९८०च्या सुमाराला दोन्ही देशांची दरडोई मिळकत जवळपास सारखी होती. आज डॉलरच्या हिशेबानं चिनी माणसाची मिळकत आपल्या जवळपास पाचपट आहे. हे सगळं खरं. प्रश्न एवढाच, की हे झालं कशानं? साहेब म्हणतो, मजुराचं तोंड बांधलं म्हणून. पेपरातले विद्वान म्हणतात, १९८० साली शेनझेनला कुंपण घालून विशेष आर्थिक क्षेत्र काढलं म्हणून.

आधी कुंपणाचं बघू. मित्रहो, कुंपण आपण आधी घातलंय! गुजरातेत कांडल्याला निर्यातीचं क्षेत्र १९६५ साली सुरू झालं. शेनझेनच्या पंधरा वर्षं आधी. अंधेरीचं सीप्झ १९७३चं. तेही आधी. शेनझेन तेव्हा हाँगकाँगच्या हद्दीला लागून असलेला लहान मुलूख. २०२०च्या जनगणनेत तिथं पावणेदोन कोटींच्या आसपास माणसं मोजली. कांडल्याचं शेनझेन का झालं नाही? कुंपण तेच, करसवलत तीच. हाँगकाँगचा पैसा दाराशी होता, हे एक कारण. पण पैसा एकटा पंखा बनवत नाही. मग कुंपणाच्या आत जो माणूस गेला, तो वेगळा होता का?

इथंच सगळं आहे. शेनझेनच्या कारखान्यात हुनान, सिच्वानच्या खेड्यांतून पोरी आल्या. त्यांना वाचता येत होतं. त्या लहानपणी जुलाबानं, गोवरानं मेल्या नव्हत्या. आणि गावाकडं त्यांच्या घराला कसायला जमीन होती. या तीन गोष्टी कुठल्या भांडवलदारानं आणल्या नाहीत. त्या कारखान्याच्या आधी झाल्या होत्या.

पहिली जमीन. १९५० साली चीननं जमीन सुधारणेचा कायदा केला. दोन-तीन वर्षांत, तिथल्या सरकारी आकड्याप्रमाणं, सुमारे ३० कोटी भूमिहीन आणि अल्पभूधारकांना जमीन वाटली गेली. ती शांततेनं वाटली गेली असं मी म्हणणार नाही. जमीनदार फार मोठ्या संख्येनं मारले गेले. पुढं सहा-सात वर्षांत तीच जमीन कम्यूनच्या नावाखाली शेतकऱ्याच्या हातातून काढूनही घेतली. मग १९७८च्या डिसेंबरात आन्हवेई प्रांतात शियाओगांग नावाच्या उपाशी गावात अठरा शेतकऱ्यांनी चोरून एक कागद केला. जमीन घराघरांत वाटून घेऊ, सरकारचा वाटा देऊ, उरेल ते आपलं. पकडले गेलो तर एकमेकांची पोरं सांभाळू. त्यावर त्यांनी सह्या-अंगठे केले. सरकारनं त्यांना फासावर दिलं नाही, तर काही वर्षांत तीच पद्धत देशभर केली. जमिनीची मालकी गावाची, कसण्याचा हक्क घराचा. घरातली माणसं मोजून वाटणी. बघा, चीनच्या भरभराटीची सुरुवात शेतकऱ्यांच्या अंगठ्यांनी केली. पण ते अंगठे त्यांनी स्वतः लिहिलेल्या कागदावर होते.

ही जमीन काय कामाची, ते २००९ साली दिसलं. अमेरिकेतल्या मंदीनं चीनचे निर्यातीचे कारखाने बंद पडले. सरकारी अंदाजानं सुमारे २ कोटी मजूर बेकार झाले. ते गावी गेले. तिथं तुकडाभर का होईना, रान होतं. आता आपलं २०२० आठवा. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि मुंबई, सुरत, दिल्लीहून माणसं पोरं खांद्यावर घेऊन चालत निघाली. तीही गावीच निघाली होती. पण गावात त्यांचं काय होतं? त्यातल्या आपल्या माणसाचं तर गावकुसाबाहेरचं घर, आणि रान सगळं दुसऱ्याचं. २०११च्या जनगणनेत अनुसूचित जातींच्या कामकऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे शेतमजूर आहेत. ज्याला परत जायला जमीन नाही, तो शहरात पडेल त्या मजुरीवर राबतो. ठेकेदाराची ताकद ठेकेदारात नसते. ती आपल्या गावच्या सातबाऱ्यात असते.

दुसरी शाळा, तिसरा दवाखाना. चीनमध्ये १९८२च्या जनगणनेत मोठ्या माणसांपैकी सुमारे दोनतृतीयांश साक्षर होते. आपल्याकडं १९८१ साली सात वर्षांवरच्यांत ४३.५७ टक्के. आणि दवाखाना म्हणजे काचेची इमारत नव्हे. गावातलाच शेतकरी, काही महिन्यांचं शिक्षण देऊन, पेटी देऊन गावातच ठेवला. अनवाणी डॉक्टर म्हणायचे त्याला. १९७०नंतर असे दहा लाखांच्या वर होते. लस टोचायची, पाणी उकळायला लावायचं, बाळंतपण बघायचं. १९८०च्या सुमाराला चिनी माणसाचं सरासरी आयुष्य ६५च्या आसपास होतं, आपलं ५४च्या आसपास. लक्षात घ्या, तेव्हा चीन आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हता. म्हणजे ‘आधी देश श्रीमंत होऊ द्या, मग तुमची शाळा आणि तुमचा दवाखाना’ हे जे आपल्याला सांगतात, ते उलटं आहे. आधी शाळा, मग श्रीमंती. ज्या देशानं शिक्षण ही काही जातींची मालमत्ता ठेवली, त्यानं निम्म्या देशाचा मेंदू बंद पेटीत सील करून ठेवला आणि वर विचारतो, आपलं कुठं चुकलं?

चौथी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. चीनमध्ये पहिले मोठ्या संख्येनं कारखाने निघाले ते शेनझेनला नाही, गावात. गावाच्या, तालुक्याच्या मालकीचे कारखाने. विटा, सिमेंट, शेतीची अवजारं, कापड. १९७८ साली त्यांत सुमारे २ कोटी ८० लाख माणसं होती, १९९६ साली साडेतेरा कोटी. पुढं त्यातले बरेच खाजगी हातात गेले. पण पहिली पंधरा-वीस वर्षं नफ्यातला वाटा गावातच राहिला. आपल्याकडं सहकारी कारखाने निघाले. पण ज्याचा ऊस त्याचा शेअर. ऊस तोडणाऱ्याला शेअर नाही, त्याला कोयता.

या चार गोष्टी उतरवून घ्यायच्या. आता परत पाठवायच्या पेट्या.

पहिली पेटी दुष्काळाची. १९५८ साली ‘मोठी झेप’ जाहीर झाली. वरून हुकूम, खालून खोटा आकडा. एकरी पीक फुगवून सांगायची चढाओढ लागली. फुगलेल्या आकड्यावर सरकारनं धान्याचा वाटा उचलला आणि शेतकऱ्याचं कोठार रिकामं केलं. धान्य परदेशीसुद्धा पाठवत राहिले. १९५९ ते १९६१ या काळात किती मेले? अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. पुष्कळ अभ्यासक ३ कोटींच्या आसपास धरतात. गोदीत आकडा म्हणजे गोण ओढायचा हूक. तिथं आकड्यानं माणूस ओढला. आणि ओरडायला कोणी नव्हतं. पेपर सरकारचा, मोर्चाला बंदी, विरोधी पक्ष नाही.

आपल्याकडं १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा आपली माणसं खडी फोडायला गेली. लाल मिलो आणि सुकडी खाल्ली. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. उपासमार झाली, हाल झाले, पण गावंच्या गावं मेली नाहीत. कारण मोर्चे निघाले, घेराव झाले, पेपरात छापून आलं. त्यातूनच १९७७चा रोजगार हमीचा कायदा झाला. ओरडता येणं ही चैन नाही. ओरडता येणं म्हणजे भाकर.

पण इथं आपली पाठ थोपटून घेऊ नका. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी १९८९च्या पुस्तकात एक हिशेब मांडला. भारतात मोठा दुष्काळबळी होत नाही. पण चीनच्या मानानं भारतात दरवर्षी जे जास्तीचे मरण होते, त्याची दर आठ वर्षांची बेरीज केली तर त्या चिनी दुष्काळाइतकी होते. म्हणजे तिथं माणसं एकदम मेली, इथं सावकाश मेली. सावकाश मेलेल्याची बातमी होत नाही. ही माणसं कुठल्या वस्तीतली होती, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरी पेटी जन्माच्या शिक्क्याची. १९५८च्या जानेवारीत चीननं हुकौ नावाची नोंद पक्की केली. कोण खेड्याचा, कोण शहराचा, हे कागदावर ठरलं. १९९८पर्यंत आईची नोंद तीच पोराची असायची. खेड्याची नोंद असलेला मजूर शहरात तीस वर्षं राबला तरी त्याच्या पोराला शहरातली शाळा, शहरातला दवाखाना सहजी मिळत नाही. आज तिथं सुमारे ३० कोटी मजूर खेड्यांतून आलेले आहेत आणि कोट्यवधी पोरं आजी-आजोबांजवळ गावी मागं राहतात. आणखी एक. जमीनदाराचा, श्रीमंत शेतकऱ्याचा म्हणून जो शिक्का १९५०च्या सुमाराला बसला, तो बापावरून मुलावर, नातवावर उतरत गेला. तो पुसायला १९७९ उजाडलं. हुकौ म्हणजे जात नव्हे, तिथं सावलीचा विटाळ नाही. पण क्रांती झाली तरी जन्मावरून माणूस मोजायची सवय आपोआप मरत नाही, हे आपण शिकावं. आणि ते आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?

तिसरी पेटी साहेबाची लाडकी. युनियन नसण्याची. चीनच्या १९७५ आणि १९७८च्या राज्यघटनेत संपाचा हक्क लिहिलेला होता. १९८२च्या घटनेत तो काढला. एकच सरकारमान्य युनियन, बाकी बेकायदा. म्हणून तिथं सगळं सुखात चाललं का? २०१० साली शेनझेनच्या फॉक्सकॉन कारखान्यात एकामागून एक तरुण मजुरांनी इमारतीवरून उड्या मारल्या. कंपनीनं उपाय काय केला? इमारतीखाली जाळ्या बांधल्या! त्याच वर्षी फोशानच्या होंडा कारखान्यात मजुरांनी हक्क नसताना संप केला, आणि पगार वाढवून घेतला. त्या आधी, २००८पासून, कामाचा लेखी करार सक्तीचा करणारा कायदा लागू झाला होता. चिनी मजुराची मजुरी वाढत गेली. आज ती आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि तरी कंटेनर चीनमधूनच येतात. मग मजुरी मारल्यानं माल विकला जातो, हे कुठलं गणित?

हाँगकाँगचं तर आपल्याच धंद्यातलं. २०१३ साली तिथल्या गोदी कामगारांनी चाळीस दिवस संप केला. लांबलचक पाळ्या, आणि क्रेनवाल्यांनी वर केबिनमध्येच खायचं आणि वरच मुतायचं. ठेकेदार म्हणत होता, आम्ही फक्त ठेकेदार. बंदराचा मालक म्हणत होता, ते आमचे कामगारच नव्हेत. हे बोलणं ऐकल्यासारखं वाटतंय ना? शेवटी ९.८ टक्के पगारवाढ घेऊन ते कामावर गेले. हाँगकाँगला तेव्हा स्वतंत्र युनियन काढता येत होती म्हणून ते झालं. त्या संपामागं उभ्या असलेल्या युनियन महासंघानं २०२१ साली स्वतःला बरखास्त केलं, कारण हवा बदलली होती. तोंड उघडायची जागा एकदा गेली की किती लवकर जाते, ते बघा.

आता गंमत अशी, की आपल्या राज्यकर्त्यांनी चीनहून नेमकं उलटं उतरवून घेतलं. परत पाठवायच्या पेट्या घेतल्या आणि घ्यायच्या पेट्या धक्क्यावर सोडल्या. २००० साली आपले मंत्री चीन बघून आले आणि सेझची घोषणा झाली. २००५ला कायदा झाला. म्हणजे पुन्हा कुंपण! आणि कुंपणासाठी जमीन कोणाची? रायगडात पेण, उरण, पनवेलच्या शेतकऱ्यांची. याच पट्ट्यात जानेवारी १९८४मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागं उभे राहिलेले पाच शेतकरी गोळीबारात मेले होते. त्यामुळं सेझवाले आले तेव्हा गावं शहाणी होती. सप्टेंबर २००८मध्ये बावीस गावांचा कौल घ्यावा लागला आणि पुढं तो प्रकल्प बारगळला. चीननं आधी जमीन वाटली, मग कारखाना काढला. आपण जमीन न वाटताच कारखान्यासाठी जमीन घ्यायला निघालो. आणि २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत, परवानगी न घेता माणसं काढायची मर्यादा १०० कामगारांवरून ३००वर नेली. हा म्हणे चीनचा धडा!

आणि मित्रहो, जो खरा धडा आहे, तो शिकायला बीजिंगला जायची गरजच नव्हती. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘राज्य आणि अल्पसंख्याक’मध्ये मांडलं होतं, की शेतजमीन राज्याच्या मालकीची करा, जात-धर्म न बघता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्या, म्हणजे जमीनदारही राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही. आणि हे त्यांना घटनेत हवं होतं, मतदानासकट, मूलभूत हक्कांसकट. म्हणजे जमीनही आणि तोंडही. चीननं यातलं एक घेतलं आणि दुसरं फेकलं, म्हणून कोट्यवधी माणसं मेली. आपण दुसरं घेतलं आणि पहिलं फेकलं, म्हणून कोट्यवधी माणसं जिवंतपणी मेली. १९५९ला आणि पुन्हा १९६४-६५ला दादासाहेब गायकवाडांच्या हाकेनं भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखो माणसं तुरुंगात गेली. त्यात तुमच्या आज्या होत्या, माझी होती. नंतर १४ एप्रिल १९९०पर्यंतची गायरानावरची आपली अतिक्रमणं कायम करायचं सरकारनं ठरवलं. किती जणांचं नाव सातबाऱ्यावर चढलं? प्रत्येकानं आपल्या गावी जाऊन तलाठ्याला विचारा. हे आपल्या अभ्यासवर्गाचं पहिलं काम. चीनवर पुस्तकं वाचू, जरूर वाचू. पण आधी आपल्या गावचा उतारा वाचू.

दुसरं काम त्या कागदाचं. मी तो कागद फोटो काढून आणला आणि आपल्यातल्या एका वकील मित्राकडून मराठीत वाचून घेतला. त्यात लिहिलंय, की सही करणारा माणूस हा यार्डाचा कामगार नसून स्वतंत्र सेवा देणारा आहे. म्हणजे कंटेनर अंगावर पडला तर यार्डाचा संबंध नाही. दोन्ही मामा हे ऐकून गप्प बसले. मग एक मामा म्हणाले, ‘‘लेका, आजवर मी किती अंगठे दिले रे असे?’’ मला उत्तर देता आलं नाही.

शियाओगांगच्या अठरा जणांनी अंगठा दिला तेव्हा कागदावर काय आहे ते प्रत्येकाला ठाऊक होतं. विकास याच्यापेक्षा मोठा शब्द नाही. टोळीत आम्ही बावीस जण आहोत. नऊ जणांनी ठरवलंय, कागद मराठीत द्या, सगळ्यांसमोर वाचा, मग सहीचं बोलू. उरलेले तेरा घाबरलेत. त्यांना नावं ठेवू नका, त्यांची पोरं शाळेत आहेत. रोज रात्री साडेआठला दोन्ही मामांना मी अक्षरं शिकवतो. एक मामा ‘क’ काढतात तो हुकासारखा दिसतो.

येत्या सोमवारी साहेब पुन्हा कागद घेऊन येणार आहे. यार्डाच्या फाटकाबाहेर सकाळी सातला आम्ही नऊजण असू. तुम्ही यावं, एवढंच सांगायला मी चीनपर्यंत जाऊन आलो.

जय भीम.